खळं

अल-ऐनच्या बाहेर, वाळूच्या टेकड्यांच्या काखेत
एक तळं आहे, ज्याला आभाळानं कधी ओळख दिली नाही.
शहर आंघोळ करतं, भांडी घासतं, नळ उघडा विसरतं,
ते सगळं चार टाक्यांतून गाळून, निवळून
इथं येतं आणि निळं दिसू लागतं.
मुळात समुद्राचं पाणी. एकदा मीठ काढलं, एकदा मळ.
दोनदा गोड झालेलं.

पहाटे पाचला गुलरेझ गाडी थांबवतो,
इंजिन बंद करत नाही.
एसीसाठी नाही, म्हणतो, परतीच्या भरवशासाठी.
मी गुडघाभर बूट घालून काठावर.
थंगराजच्या हातात दोरी, दोरीला बाटली.
दर खेपेला तो मोडक्या हिंदीत विचारतो,
मॅडम, हे पाणी प्यायचं नाही ना?
नाही रे.
मग तपासता कशाला?
पलीकडे रोहित पक्षी चोच उलटी करून
गाळून घेतायत
आमच्या गाळणीतून सुटलेलं.

प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीवर
मी तळ्याचा थेंब सारवते.
वर औषधाच्या चकत्या मांडते, टिकलीएवढ्या, सहा.
औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ उमटतं,
चंद्राला पडतं तसं खळं.
आमच्याकडे म्हणायचे, खळं मोठं तर पाऊस जवळ.
इथं पावसाचं काही नाही.
खळं मोठं तर माणूस वाचतो, एवढंच.
मी पट्टीनं मोजते.

सोमवारी चार चकत्यांना खळं होतं.
पाचवीला केसाएवढं.
सहावीच्या अगदी कडेला चिकटून ते उगवलेले,
दाट, पिवळसर, दुधावरच्या सायीसारखे,
जणू तिथं औषध ठेवलंच नव्हतं.

सहावीला मी ओळखते.
तिचं नाव माझ्या कपाटातल्या पाकिटावर आहे.
दर सुट्टीनंतर बॅगेत मेतकूट, आगळ,
आणि चिपळूणहून चिठ्ठीशिवाय आणलेल्या तीन स्ट्रिपा.
इथला डॉक्टर महाग, शिवाय सहजी देत नाही.
फेब्रुवारीत घसा धरला. पाच दिवसांच्या गोळ्या.
तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, दोन उरवल्या.
त्याआधीच्या खेपेची उरलेली एक
शेजारच्या ज्युलियानाला दिली होती, तिचा दात ठणकत होता.
उरवायचं आम्हाला वळणच आहे.
अन्न टाकू नये, दोरा टाकू नये, औषध टाकू नये.
जंतूंना मात्र अर्धी मात्रा म्हणजे पुरी शिकवणी,
हे मी दरवर्षी नव्या मुलांना
फळ्यावर चित्र काढून समजावते.

थंगराज दोन आठवडे आला नाही.
पत्र्यानं पोटरी कापली, कॅम्पात, तळ्यापासून लांब.
गुलरेझ म्हणाला, तिसरं औषध बदललं, ताप हटत नाही.
हे अहवालात लिहिता येत नाही.
त्याची जखम आणि माझी ताटली यांच्यामध्ये
वाळू आहे, रस्ते आहेत, लाखभर मोऱ्या आहेत,
एकही बाण काढावा असा पुरावा नाही.
मी रकान्यात लिहिते, शून्य मिलिमीटर.
शून्य लिहायलाही एक वर्तुळ काढावंच लागतं.

आज दोरी मीच धरली.
बाटली तिरकी पडली, पाणी अर्धंच आलं.
पुन्हा टाकली. गुलरेझनं हॉर्न दिला, ऊन चढतंय.
पर्समध्ये त्या दोन गोळ्या आहेत, चांदीच्या घडीत.
कुठं टाकायच्या ते मला ठाऊक आहे,
लाल पिशवी, मग भट्टी. पगार त्याचाच घेते.
आज नक्की टाकेन.
फक्त सकाळपासून
घसा जरा खवखवतोय.